डाव्या हाताची नदी

चिनी डॉक्टरच्या दारावर लाकडी पाटी होती आणि त्या पाटीवर रंगवलेली ही एवढी मोठी हसरी बत्तिशी. ती बत्तिशी पाहिली की श्यामलाची दाढ आपोआप दुखायची थांबायची आणि ती आल्या पावली घरी परतायची. बालीगंजातल्या मराठी बायकांनी तिला सांगून ठेवलं होतं, दात काढायचा तर चिन्याकडंच, त्यांचा हात हलका. पण सांगणाऱ्यांचे दात त्यांच्या तोंडात शाबूत होते. शेवटी एका सकाळी गाल भोपळ्यासारखा सुजला, तेव्हा दिगंबरनं बायकोला त्या दाराच्या आत जवळजवळ ढकललं आणि स्वतः ऑफिसच्या ट्रामकडे पळाला.

डॉक्टर लियांग तरुण होता, बंगाली बोलायचा ते अस्सल कलकत्त्याचं. त्यानं तिला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि मागच्या फुलाफुलांच्या पडद्याकडे मान वळवून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला.

पडद्याआडून तार वाजली.

श्यामला वाईच्या शाळेत गाणं शिकलेली, घरात हार्मोनियम. सतार तिनं ऐकली होती, स्वरमंडळ ऐकलं होतं. हे तसलं नव्हतं. आधी थेंब थेंब पडल्यासारखं, मग एकेक सूर जागच्या जागी वाकायला लागला, पाणी धोंड्याला वळसा घालून जातं तसा. वर उठायचा, थरथरायचा आणि पुन्हा आपल्या पातळीवर येऊन पुढं वाहायचा.

"माझी आई आहे," डॉक्टर हातातलं हत्यार लपवत म्हणाला. "पेशंट घाबरला की वाजवते. इंजेक्शन संपतं कधी कधी, आई संपत नाही."

दाढ केव्हा निघाली ते श्यामलाला कळलं नाही. तोंडात कापसाचा बोळा धरून ती खुर्चीतून उठली आणि घरी जायचं सोडून पडद्याआड गेली.

आत पलंगाशेजारी दोन तिवयांवर एक माणूसभर लांबीचं लाकडी वाद्य आडवं ठेवलेलं होतं, पाठ किंचित फुगीर, उपड्या होडीसारखी. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा, आणि प्रत्येक तारेखाली लाकडाची एकेक सुटी घोडी, तिरप्या रांगेत उभी. पुढं बसलेली बाई पन्नाशीची असेल. उजव्या हाताच्या बोटांना तिनं पट्टीनं नख्या बांधल्या होत्या. तोंडात बोळा घेऊन आलेली ही बाई बघून तिनं वाजवणं थांबवलं नाही, फक्त पलंगाची कड हनुवटीनं दाखवली. बस.

तेव्हापासून दुपारची जेवणं आटोपली की श्यामला लियांगबाईंकडे जायची. दिगंबर कुरकुरायचा. "सरकारी नोकरी आहे माझी. चिन्यांच्या घरी बायको रोज जाते म्हणून कुणी विचारलं तर काय सांगू?"

"दात दुखतो म्हणून सांगा."

"रोज?"

"तोंडात बत्तीस असतात," ती म्हणायची आणि चपला घालायची.

बोलणं दोघींचं हिंदी-बंगालीच्या खिचडीत चालायचं. लियांगबाई तिला 'बौदी' म्हणायच्या, म्हणजे वहिनी, ती त्यांना 'दीदी'. वाद्याला त्यांच्यात झंग म्हणत. तारांखालच्या त्या सुट्या घोड्यांना मात्र त्या घोड्या म्हणू देत नसत.

"हे हंस आहेत. रानातले. बघ, कसे रांगेनं उडतात."

"आमच्यात घोडीच म्हणतात हो, दीदी."

"तुमच्या लोकांना हंसावरही बसायचं असतं वाटतं."

वाजवायच्या त्या बहुतेक एकच चीज. लांबलचक, दुपारभर पुरणारी. घोडीच्या उजवीकडं उजव्या हातानं छेडायचं आणि डावीकडं डाव्या हातानं तीच तार दाबायची, की सूर वर चढायचा. त्या म्हणत, उजव्या हातात डोंगर-पाणी असतं आणि डाव्या हातात आपलं मन. नुसता उजवा हात वाजवला तर ते चित्र. डावा लागला तरच ती नदी.

"ही कुठली नदी, दीदी?"

"त्याच्या गावची." तो म्हणजे नवरा.

"तुम्ही पाहिलीत?"

"मी? माझा जन्म इथला, कलकत्त्याच्या बोउबाजारातला. मी गंगा पाहिलीय, आणि नळ."

"मग वाजवता कशी?"

"तो सांगायचा. इथं मोठा दगड आहे. इथं बायका कपडे धुतात. इथं धुकं आहे, काही दिसत नाही, हळू. मग मी हळू व्हायचे." डावा हात तारेवर तसाच दाबलेला ठेवून त्या म्हणाल्या, "पाहिली त्यानं, वाजवली मी."

श्यामलाचं माहेर कृष्णेकाठचं, भुइंजचं. बदल्यांच्या मागं फिरता फिरता तो काठ किती मागं राहिला याचा हिशेब तिनं सोडून दिला होता. त्या दुपारी तिला आईची जात्यावरची ओवी आठवली आणि ती नकळत म्हणून गेली:

माहेराची माझ्या नदी कुणा दावू कशी बाई
ओंजळीत घेता पाणी, नदी ओंजळीत नाही

लियांगबाईंनी अर्थ विचारला. तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितला.  तोच तुकडा त्यांनी पुन्हा वाजवला, धुक्याचा, नेहमीपेक्षा जरा जास्त सावकाश.

नवऱ्याबद्दल त्या आपणहून कधी बोलत नसत. डॉक्टरनंच एकदा सांगितलं. बासष्टच्या लढाईनंतर वडलांना घरून नेलं, राजस्थानातल्या छावणीत ठेवलं आणि तिथून बोटीनं चीनला पाठवलं. ज्या देशाशी लढाई त्या देशाचा माणूस, एवढाच गुन्हा. तेव्हापासून खबर नाही. आहेत की नाहीत तेही ठाऊक नाही. आईला अजून शहराबाहेर पाऊल टाकायचं तर पोलिसांची परवानगी लागते.

श्यामलाच्या कानाला एक गोष्ट मात्र टोचत राहायची. वाद्य उतरलेलं होतं. किती तरी तारा सैल पडल्या होत्या; लियांगबाईंचा डावा हात एकसारखा दाबून दाबून त्यांना वर आणायचा. एक तार तर तुटलीच होती. तिच्या जागी नुसती फट होती आणि सूर तिथं आला की बोट ती फट ओलांडून जायचं, तुटकी पायरी घरातली बाई न बघता ओलांडते तसं. हंसांच्या पायांशी धूळ साचली होती. श्यामलाच्या मनात येई, बिचारीच्या घरात वाद्य लावून देणारं कुणी नाही.

"दीदी, तारा उतरल्यात. मी लावून देऊ का? माझ्याकडे हार्मोनियम आहे."

लियांगबाई हसल्या, डावा हात वर करून दाखवला. "हा आहे ना."

श्यामलाला वाटलं, भिडस्त आहे बाई, कुणाला त्रास द्यायचा नाही म्हणून म्हणते.

दुर्गापूजेच्या आधी ठरलं की लियांग कुटुंब कॅनडाला जाणार. डॉक्टरचा मेव्हणा तिथं होता. आता अशी कितीतरी चिनी घरं चालली होती. गल्लीत रोज कुठल्या तरी दारातून कपाट बाहेर निघायचं. लियांगबाई श्यामलाला म्हणाल्या, "घर विकायला काढलंय. लोक येतात, सामान बघतात, जिथं तिथं हात लावतात. झंग तुझ्या घरी ठेवशील?"

वाद्य आणायला दिगंबरलाच जावं लागलं. एक टोक डॉक्टरच्या हातात, एक दिगंबरच्या, आणि मधोमध लियांगबाई, दोन्ही तळवे तारांवर पसरून, तान्हं बाळ झोपेत हलू नये तशा चालत होत्या. भर रस्त्यात. दिगंबर कानापर्यंत लाल झाला होता. "ऑफिसातला एक जरी माणूस भेटला ना," तो दातांतल्या दातांत पुटपुटला, "तर पालखी आहे म्हणून सांगेन." डॉक्टर हसला. लियांगबाईंचं लक्ष नव्हतं. एकही हंस जागचा हलला नाही.

मग नवरात्र सरत आलं. गल्लीच्या तोंडाशी दुर्गेचा मांडव, दिवसभर ढाक घुमत होता. खंडेनवमीला श्यामला पहाटे उठून न्हाली. मराठी घरात या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं आणि ज्याच्यात जीव रमतो, ते सगळं पुसून, तेल देऊन पाटावर मांडतात. तिनं विळी मांडली, शिवणयंत्र पुसलं, दिगंबरचं पेन धुतलं, हार्मोनियमला झेंडूची माळ घातली. आणि मग तिची नजर खिडकीखालच्या झंगवर गेली.

पाहुणं वाद्य. सणाच्या दिवशी ते पारोसं कसं ठेवायचं?

तिनं पदर खोचला. तारा सैल केल्या, घोड्या एकेक काढून ओळीनं पाटावर ठेवल्या. खाली वर्षांची धूळ होती, काळी, चिकट. खोबरेलात फडकं बुडवून तिनं ती सगळी पुसली. लाकूड असं उजळलं की तिला आपलंच कौतुक वाटलं. तुटलेल्या तारेच्या जागी ओवायला चितपूरच्या दुकानातून तिनं सतारीची नवी तार आधीच मागवून ठेवली होती. मग घोड्या परत उभ्या केल्या, हार्मोनियमचा भाता ओढत एकेक सूर धरला, खुंट्या पिळल्या, घोड्या सरकवल्या. पाच सुरांचं वाद्य. तिच्या कानाला ते भूपासारखंच होतं, म्हणून तिनं भूप लावला. दुपारी सगळं वाद्य एका दमात छेडलं तेव्हा घर लखलखलं.

दिगंबर दारात उभा होता. "त्यांना विचारलंस?"

"चांगलं करायला विचारावं लागतं का?"

तिनं हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि रेशमी ओढणी पांघरली.

विसर्जन झालं आणि विजयादशमीची मिठाई, संदेश, घेऊन डॉक्टर लियांग आला. श्यामलानं मिठाई ताटलीत काढली. तो खुर्चीच्या कडेवर बसला, झाकलेल्या झंगकडे बघून जरा थांबला.

"वहिनी, एक मागणं आहे. आई रविवारी येईल, एकदा वाजवेल. नंतर हे तुमच्याकडेच राहू द्याल का?"

"राहू देऊ? म्हणजे तुम्ही नेत नाही?"

"न्यायचं तर खोका करावा लागतो. तारा सोडायच्या, हंस उतरवायचे. आई तयार नाही." तो आपल्या हातांकडे बघत बोलत होता. "आमच्या घरात लावायचं काम बाबांचं, वाजवायचं आईचं. लग्न झालं तेव्हापासून असंच. आईनं आयुष्यात खुंटीला हात लावलेला नाही. बाबांना न्यायला आले त्या सकाळी ते हंस बसवत होते. खाली माणसं थांबली होती आणि हे वरती, एक मिनिट, एक मिनिट म्हणत. तेच लावणं आहे ते, तेव्हाचं. तारा उतरल्या त्या आई डाव्या हातानं दाबून भरून काढते. तुटली ती तशीच ठेवली. मी म्हटलं, आई, दुसरीकडे कुठं ठेवू का. तर म्हणाली, नाही, बौदीकडेच. ती देवाला हात जोडणारी बाई आहे, ठेवलेली वस्तू कशी ठेवायची ते तिला कळतं."

श्यामलाच्या हातात ताटली होती. तिनं ती खाली ठेवली, पुन्हा उचलली. सांगावं असं तिला वाटलं, शब्द ओठांपर्यंत आलेही. पण डॉक्टरनं हात जोडले, म्हणाला, तुमचे फार उपकार आहेत, आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर रविवारपर्यंत त्या घरात दुसरं काही झालं नाही. श्यामलानं ओढणी काढली आणि वाद्यासमोर बसली. हंस कुठं उभे होते? त्यांच्या पायांचे ठसे धुळीत होते, आणि धूळ तिनं खोबरेलानं पुसली होती. लाकूड आरशासारखं स्वच्छ. तिनं डोळे मिटून ती चीज आठवायचा प्रयत्न केला. चीज आठवायची, अथपासून इतीपर्यंत. पण गळ्यातून निघाली की भूप व्हायची. लियांगबाईंच्या नदीत एक सूर असा होता जो हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्टीत नव्हता आणि शेजारच्या काळीतही नव्हता, दोन्हींच्या मधल्या लाकडात कुठेतरी अडकलेला. कानाला तो ठाऊक होता, पण घोडी सरकवत तिथं गेलं की तो अजून थोडा पलीकडे असायचा. गोडधोड करून वाढलं आणि पाहुण्याला पथ्याचं लागत होतं, तसं तिचं झालं होतं.

दिगंबर ऑफिसातून आला की न बोलता भाता ओढायला बसायचा. त्याला सुरातलं काही कळत नव्हतं. "हा का?" तो विचारायचा. "नाही." "मग हा?" "नाही हो." एकदा म्हणाला, "नको सांगूस. इतक्या वर्षांनी त्यांना तरी काय आठवत असणार?" श्यामलानं पुढची घोडी धरली. तो पुन्हा भाता ओढायला लागला.

रविवारी लियांगबाई आल्या त्या निळ्या रेशमी पोलक्यात, केस चापून बसवलेले, जणू कुणाच्या लग्नाला. डॉक्टर मागं. श्यामलानं त्यांना बसवलं. माहेरवाशीण निघाली की ओटी भरतात, म्हणून तिनं नारळ, तांदूळ, खण काढून ठेवला होता. पण करंडा हातात घेतल्यावर बोट थांबलं. यांना कुंकू लावायचं की नाही, हे या जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं करंडा परत ठेवला.

"दीदी, आधी माझं ऐका."

"आधी वाजवते," लियांगबाई म्हणाल्या. "बोलणं नंतरही होतं."

त्यांनी नख्या बांधल्या, ओढणी उचलली. नव्या तारेवर ऊन चमकत होतं. ती त्यांनी पाहिली, पाहिली नाही असं नाही. त्यांचा हात क्षणभर तिच्यावर थांबला आणि मग त्यांनी डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली.

उजव्या हाताचे पहिले थेंब पडले, स्वच्छ, गोल. मग डावा हात आला. इतकी वर्षं सैल तारेला जेवढं उचलावं लागायचं तेवढंच त्यानं दाबलं, सवयीनं. पण तार आता सैल नव्हती. सूर जिथं जायचा तिथून उडी मारून वर गेला, किंचाळल्यासारखा. लियांगबाईंनी भुवया आवळल्या. पुढच्या तारेवरही तेच. त्यांचा हात उणीव भरायला जायचा आणि उणीव तिथं नसायची. फटीपाशी बोटानं उडी घेतली ती नव्या तारेवर आपटली. त्यांनी डावा हात उचलला आणि नुसत्या उजव्यानं वाजवून पाहिलं. गोड वाजलं. फार गोड. श्यामलाच्या शाळेतल्या मुली गातील असं.

त्या थांबल्या.

"मी केलं, दीदी. आमच्यात सणाला पुसतात. मला माहीत नव्हतं. आठवडाभर शोधतेय, नाही सापडत. तुम्ही सांगा, इथं की इथं, मी सरकवते, तुम्ही फक्त हो म्हणा."

लियांगबाईंनी एक हंस दोन बोटांत धरला. थोडा अलीकडे घेतला, तार छेडली. थोडा पलीकडे, पुन्हा छेडली. मान एका बाजूला कलती करून त्या ऐकत राहिल्या, लहान मुलीसारख्या, कुणी मागून नाव सांगेल म्हणून. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"मला लावता येत नाही, बौदी," त्या शेवटी म्हणाल्या. "मला फक्त चुकलेलं कळतं."

रस्त्यावरून ट्राम गेली, तिची घंटा ऐकू आली. श्यामला गुडघ्यांवर बसून होती. एखाद्यानं रागावलं तर माणूस पाय तरी धरतो. इथं तेही नव्हतं.

मग लियांगबाईंनी नख्यांच्या पट्ट्या सोडल्या. खुंटी पिळून पहिली तार सैल केली, अवघडत, उलट्या बाजूनं, ज्या हातानं हे कधी केलं नाही त्या हातानं. तारेखालचा हंस काढला आणि ठेवायला जागा शोधू लागल्या. श्यामलानं पदर पुढं धरला. त्यांनी तो हंस त्यात टाकला. मग दुसरा. मग पुढचा.  तारा एकेक करून लाकडावर निजत गेल्या आणि श्यामलाचा पदर जड होत गेला.

"आई," डॉक्टर वळून म्हणाला, "हे काय करतेस?"

"खोक्याचं माप घे. आता नेता येईल."

आवाजात राग नव्हता. तो असता तर श्यामलानं तो पदरात घेतला असता, हंसांसारखा. जाताना त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला, दाढ काढलेल्या बाजूला, अगदी हलका. हंस फडक्यात बांधून ते गाठोडं डॉक्टरनं काखेत मारलं, वाद्याचं एक टोक धरलं. खाली टॅक्सी थांबली होती. दुसरं टोक दिगंबरनं उचललं. या खेपेला तो रस्त्यात कुणाकडे बघत नव्हता.

तो परत वर आला तेव्हा श्यामला तिथंच बसली होती. खिडकीखाली तेवढी जागा रिकामी, नारळ आणि खण पाटावर तसेच.

"काय म्हणाल्या?" त्यानं दबकत विचारलं.

"म्हणाल्या, आता नेता येईल."

दिगंबरच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तो तिच्याशेजारी टेकला, खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे त्या सोबत नेताहेत. बघ, मग बरंच झालं की नाही? उगाच जिवाला लावून घेत होतीस."

श्यामलानं मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.